चार दिवस शांत, पाचव्या दिवशी परत तेच: वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाचं करायचं काय

प्रॉब्लेम सगळ्यांचा एकच असतो. पोराला ओरडलं की गप्प बसतं, दहा मिनिटांनी परत चालू. बाहेर उभं केलं, आत आल्यावर परत चालू. पालकांना बोलावलं की चार दिवस एकदम शहाण्यासारखं, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. बक्षीस ठेवलं तर पहिला आठवडा मस्त जातो आणि मग त्यातलीही हवा जाते. एव्हाना स्टाफरूममध्ये त्या पोराचं नाव पडलेलं असतं आणि कोणीतरी अनुभवी माणूस चहा पिता पिता सांगतं, काही मुलं असतातच तशी, तुम्ही नका डोक्याला ताप करून घेऊ. मी पण बरीच वर्षं हेच करत होते, ओरडायचं, बाहेर काढायचं, घरी जाऊन घसा धरून बसायचं. मग एका वर्षी वैतागून मोजायला लागले आणि मोजल्यावर जे दिसलं ते बघून मलाच लाज वाटली, म्हणून हे लिहितेय.

आधी ती केस सांगते. पाचवीचा वर्ग, आणि एक मुलगा, पट्टी बेंचवर आपटायचा. मी फळ्याकडे वळले की टक टक टक. अर्धा वर्ग त्याच्याकडे बघणार, मागचे दोघं खुसुखुसु हसणार, मी वळून "ए, ठेव ती पट्टी खाली" म्हणणार, तो लगेच ठेवणार, अगदी आज्ञाधारक, आणि तोंडावर असं हसू की याला पारितोषिक मिळालंय. तीन मिनिटांनी परत. पट्टी काढून घेतली तर पेन, पेन घेतलं तर बोटं. बोटं कशी काढून घेणार!

मोजायचं कसं हा पहिला प्रश्न, कारण एकीकडे शिकवायचं आणि एकीकडे वहीत नोंद करायची हे कोणाला जमत नाही. मी डाव्या मनगटात वीसेक रबरबँड घातले, टकटक झाली की एक रबर उजव्या मनगटात. तास संपला की उजवीकडचे मोजायचे आणि तारखेपुढे आकडा लिहायचा, बस. पाच दिवस ४० मिनिटांच्या त्याच तासाला मोजलं: १४, ११, १७, १३, १५. म्हणजे सरासरी १४. या पाच दिवसांत मुद्दाम काहीही बदलायचं नाही, नेहमीसारखंच वागायचं, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे कशाशी ताडून बघणार? आणि एक आतली गोष्ट, मोजायच्या आधी मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की तो तासभर सतत आपटत असतो. सतत म्हणजे १४. आकडा बघूनच निम्मा राग गेला.

पण लाज वाटली ती दुसऱ्या मोजणीची. त्याच आठवड्यात मी हेही लिहून ठेवलं होतं की मी त्याच्याशी कधी बोलले. ७० टकटकींपैकी ६० च्या वर वेळा मी काहीतरी बोलले होते, निदान डोळे तरी वटारले होते. आणि तो गप्प बसून लिहितोय म्हणून मी त्याच्याशी बोलले असं पाच दिवसांत किती वेळा? दोनदा. त्यातलं एक होतं "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं", ते धरायचं का तुम्हीच ठरवा.

आता यात थिअरी काय ते थोडक्यात, कारण ट्रेनिंगला असताना आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि परीक्षा झाली की विसरलेलं असतं. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना खटका दाबला की उघडणाऱ्या पेटीत ठेवून बघितलं की ज्या हालचालीने सुटका होते ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. पुढे स्किनरने त्यावरच साधक अभिसंधानाची मोठी इमारत उभी केली: वर्तनानंतर लगेच जे मिळतं त्यावर ते वर्तन वाढणार की कमी होणार हे ठरतं. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. गडबड कुठे होते, तर 'काय मिळतं' हे आपण आपल्या नजरेने ठरवतो. माझ्या नजरेत ओरडणं ही शिक्षा. त्याच्या नजरेत ४० जणांच्या वर्गात बाईंनी शिकवणं थांबवून फक्त माझ्याकडे बघितलं. वाढतंय ना वर्तन? मग ते प्रबलनच आहे, म्हणजे वर्तन वाढवणारी गोष्ट, मला ते कितीही शिक्षा वाटू दे. ही व्याख्याच तशी आहे, परिणामावरून ठरते, हेतूवरून नाही.

यावर १९६८ साली मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता तो मला फार आवडतो. पहिलीचा वर्ग, मुलं सारखी जागा सोडून उठायची. शिक्षिकांनी "बसा खाली" म्हणायचं प्रमाण वाढवलं, तर मुलं जास्त उठायला लागली. प्रत्येक वेळी "बसा" म्हटलं की ते मूल बसायचंच, म्हणून शिक्षिकेला वाटणार की उपाय लागू पडतोय. आणि एकूण उठणं मात्र वाढतंय! हाच सापळा आहे. ओरडल्यावर पुढची दोन मिनिटं शांतता मिळते, ते आपलं बक्षीस, म्हणून आपण परत ओरडतो. तो आपल्याला शिकवतोय आणि आपण त्याला. त्याच अभ्यासात बसून काम करणाऱ्या मुलांचं कौतुक सुरू केल्यावर उठणं कमी झालं.

तर निदान. उपाय शोधायच्या आधी हे करायचंच, आणि बहुतेक जण नेमकं हेच गाळतात. एका कागदावर तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. 'मस्ती केली', 'लक्ष नव्हतं', 'उद्धटपणा' असं लिहायचं नाही, कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच. माझ्या कागदावरच्या तीन ओळी अशा होत्या:

१०:१२. फळ्यावर उदाहरण लिहायला वळले. पट्टी आपटली. मागचे दोघं हसले, मी "ए" म्हणाले.

१०:२१. पलीकडच्या रांगेत वह्या तपासत होते. पट्टी आपटली आणि "बाई, माझी कधी?" मी मान वर करून "थांब की जरा".

१०:३०. गटात काम, मी त्याच्याच बेंचपाशी उभी. काहीच नाही.

तिसरी ओळ बघा. मी जवळ असले की काही नाही, माझं लक्ष दुसरीकडे गेलं की टकटक. याला लक्ष हवंय. हे कळायला मला मानसशास्त्रज्ञ लागला नाही, तीन रकाने लागले.

आणि आता त्याच वर्गातली एक मुलगी. वरवर बघितलं तर तोच प्रकार, गोंधळ. पण तिचा कागद बघा. गणिताची तोंडी उजळणी चालू, काही नाही. मी टेबलापाशी लांब बसलेय आणि मराठीचं वाचन चालू, काही नाही. 'वहीत शाब्दिक उदाहरण सोडवा' म्हटलं की पेन्सिल फेकली, शेजारणीची वही ओढली. मी काय करायचे? "जा, बाहेर उभी रहा." चार मिनिटांनी आत घ्यायचे, तोवर उदाहरण फळ्यावर सुटलेलं असायचं. तिला नेमकं हेच हवं होतं! उदाहरण टळलं. मी तिला शिक्षा करतेय असं समजत होते आणि खरं म्हणजे दर वेळी सुटकेचा पास देत होते. पुस्तकात याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि ऋण म्हणजे शिक्षा असं जे आपण अर्धे लोक परीक्षेत लिहून आलो ते चूक आहे. नकोशी गोष्ट टळल्यामुळे वर्तन वाढतं, ते ऋण प्रबलन. वर्गाबाहेर काढणं हा जगातला सगळ्यात लोकप्रिय उपाय आणि कामापासून पळणाऱ्या मुलाला तो सगळ्यात उलटा पडतो.

म्हणून कोणी नुसतं विचारलं ना की गोंधळ घालणाऱ्या मुलाला काय करू, तर उत्तर देताच येत नाही. तो गोंधळ काय मिळवून देतोय? ढोबळ चार शक्यता असतात. कोणाचं तरी लक्ष मिळतं, मग ते तुमचं असेल नाहीतर पोरांचं. काम टळतं. एखादी वस्तू किंवा आवडीचं काम पदरात पडतं. नाहीतर ती हालचालच बरी वाटते, कोणी बघो न बघो, जसं काही मुलं एकटी असली तरी पाय हलवत राहतात. कधीकधी दोन एकत्र असतात. आठवडाभराचे कागद समोर ठेवले की बहुतेक वेळा दिसतं. नाहीच दिसलं तर दोन दिवस मुद्दाम काम सोपं देऊन बघा, मग दोन दिवस काम नेहमीचं पण तुम्ही सारखं त्याच्या जवळ. कशाने उतरतंय ते बघा.

एक अट आधीच सांगते, हे सगळं करायच्या आधी मुलाला फळा दिसतोय का, ऐकू नीट येतंय का, झोप होतेय का, हे तपासून घ्या. मागे बसून बडबडणारं मूल फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याला विचारत असू शकतं. आणि वागणं अचानक बदललं असेल, चांगलं शांत मूल महिन्याभरात मारायला लागलं असेल, तर बक्षीसबिक्षीस बाजूला ठेवा आणि घरी किंवा वाटेत काय चाललंय ते विचारा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर ते समुपदेशकाचं काम आहे, आपल्या रबरबँडचं नाही.

आता उपाय. पट्टीवाल्यापासून.

त्याच्यासाठी मी दोन गोष्टी एकदम सुरू केल्या, टकटकीला शून्य किंमत आणि गप्प बसण्याला भरपूर. शून्य म्हणजे शून्य. ओरडणं नाही, डोळे वटारणं नाही, सुस्कारा नाही, वाक्य मध्येच तोडून मग पुढे चालू करणं तेही नाही, कारण तो थांबलेला एक सेकंदही त्याला कळतो. हे फार अवघड आहे, मी पहिल्या दिवशी चार वेळा चुकले. आणि नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही हे लक्षात ठेवा. १९६८ च्याच दुसऱ्या एका प्रयोगात नियम सांगणं, दुर्लक्ष करणं आणि कौतुक करणं हे वेगवेगळं करून बघितलं होतं, नुसत्या नियमांनी फारसं काही झालं नाही, नियमांना नुसतं दुर्लक्ष जोडून तर नाहीच, दुर्लक्ष आणि कौतुक जोडीने आल्यावर फरक पडला. भिंतीवर दहा नियमांचा रंगीत तक्ता लावून 'सांगितलं होतं ना' म्हणणाऱ्या सगळ्यांनी, म्हणजे मीसुद्धा, हे वाचायला हवं.

कौतुक कधी करायचं याचं एक साधं गणित आहे. ४० मिनिटांत १४ वेळा, म्हणजे सरासरी दर पावणेतीन मिनिटांनी एकदा. मग बक्षिसाचा टप्पा त्याच्या थोडा आत ठेवायचा, मी २ मिनिटांचा ठेवला. दोन मिनिटं टकटक नाही झाली की त्याच्या कार्डावर एक टिक, आणि जाता जाता हळू आवाजात नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं, 'शाब्बास' नाही, "दोन ओळी पुऱ्या केल्यास, हात वहीवर होता". टकटक झाली तर काही बोलायचं नाही, दोन मिनिटं परत पहिल्यापासून. घड्याळाकडे बघत बसायचं नसेल तर खिशात व्हायब्रेटवर टायमर लावा. लोक काय करतात, 'तास संपेपर्यंत गप्प बसलास तर बक्षीस' असं ठरवतात. जो तीन मिनिटं थांबू शकत नाही तो ४० कसा थांबणार, पाचव्या मिनिटाला बक्षीस गेलं की उरलेली ३५ मिनिटं त्याला काहीच गमवायचं नसतं, मग बघा मजा. पहिल्या दोन दिवसांत मुलाला नक्की जिंकता येईल एवढाच टप्पा हवा.

तिसरी गोष्ट, जी मी आठवड्याने केली आणि आधीच करायला हवी होती, लक्ष मागायचा सरळ मार्ग देणं. त्याला लक्ष हवंय यात गैर काय आहे? फक्त मागायची पद्धत त्रासदायक. बेंचच्या कोपऱ्यावर एक दोन रंगी पुठ्ठा ठेवला, हिरवी बाजू वर म्हणजे 'चाललंय', पिवळी वर म्हणजे 'बाई या'. पिवळं दिसलं की मी अर्ध्या मिनिटात तिथे, निदान सुरुवातीचे दिवस. कार आणि डुरँड या दोघांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं होतं, मुलाला ज्या कारणासाठी गोंधळ लागतो तेच मागायचे शब्द शिकवले की गोंधळ उतरतो, आणि शब्द त्या कारणाशी जुळत नसतील तर उतरत नाही. ज्याला मदत हवी त्याला 'माझं काम छान झालंय का' विचारायला शिकवून उपयोग नाही.

आणि उपाय सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी २३.

हो, १४ वरून २३. इथेच ९० टक्के लोक सोडतात (टक्केवारी माझ्या स्टाफरूमची आहे, मनावर घेऊ नका). ज्यात नाणं टाकल्यावर रोज खाऊ निघायचा ते मशीन एक दिवस चाललं नाही तर आपण काय करतो, मुकाट घरी जातो का? आधी बटण चार वेळा दाबतो, मग थोपटतो, मग लाथ घालतो. मूल तेच करतं. विलोपन, म्हणजे आधी मिळायचं ते मिळणं बंद, सुरू झालं की वर्तन बऱ्याचदा आधी उसळतं, जोरात होतं, कधीकधी नवीनच काहीतरी निघतं, माझ्याकडे शिट्टी निघाली. ही उसळी म्हणजे उपाय चुकला असं नाही, उलट तुम्ही बरोबर ठिकाणी हात घातलाय. पण या उसळीत विसाव्या टकटकीला तुम्ही वळून ओरडलात ना, तर त्याला नवीन धडा मिळाला: १४ ने नाही होत, २० लागतात. शिवाय कधी मिळतं कधी नाही असं अधूनमधून मिळालेलं प्रबलन सगळ्यात चिवट असतं, फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवर केवढं तरी काम मांडलं त्यात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणजे सोमवारी दुर्लक्ष, मंगळवारी ओरडा, बुधवारी दुर्लक्ष, हे रोज ओरडण्यापेक्षाही वाईट. तुमच्या अंगात या आठवड्यात ती उसळी झेलायची ताकद नसेल, परीक्षा असतील, तपासणी असेल, तर सुरूच करू नका, पुढच्या आठवड्यात करा.

तिसऱ्या दिवशी १९, मग १२, मग ८. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ३ ते ५ च्या मध्ये.

मधे एकदा अडकलं. ८ वर येऊन चार दिवस हलेचना. कागद परत काढले तर दिसलं की मी दुर्लक्ष करतेय पण ते मागचे दोघं नाही, त्यांचं हसणं चालूच. मी किंमत शून्य केली तरी बाजारात दुसरा गिऱ्हाईक होता ना! इथे शिक्षकाच्या दुर्लक्षाचा काही उपयोग नसतो, पोरांना सामील करून घ्यावं लागतं. मी एवढंच केलं की त्याच्या १० टिका झाल्या की शेवटची पाच मिनिटं सगळ्या वर्गाला कोडी. तो मिळवणार, सगळ्यांना मिळणार. दोन दिवसांत तेच दोघं त्याला "अरे लिही की गप्प" म्हणायला लागले. फक्त उलटं कधी करायचं नाही, त्याच्यामुळे सगळ्यांची कोडी रद्द असं केलंत तर मधल्या सुट्टीत त्याला मार बसेल आणि ते पाप तुमचं. पूर्ण वर्गच बेबंद असेल तर १९६९ पासून चालत आलेला 'गुड बिहेवियर गेम' आहे, बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या वर्गात केलेला: वर्गाचे दोन संघ, नियम मोडला की त्या संघाच्या नावाने फळ्यावर एक खूण, ज्यांच्या खुणा कमी ते जिंकले, आणि दोघांच्याही ठरलेल्या आकड्याच्या खाली असतील तर दोघं जिंकले. हे दोघं जिंकू शकतात तेच महत्त्वाचं. एखादा मुद्दाम संघाला हरवायला लागला तर त्याचा एकट्याचा संघ करा.

मुलीचं वेगळं. तिच्याकडे दुर्लक्ष करून काय होणार, तिला मी नकोच होते, उदाहरण नको होतं. पहिली गोष्ट, बाहेर काढणं बंद. दुसरी, उदाहरण लहान केलं. पाच उदाहरणांचा कागद न देता एकाच उदाहरणाची कागदाची पट्टी, त्यातही पहिल्यांदा फक्त 'काय दिलंय' याच्याखाली रेघ मार. झालं की पुढची पट्टी. तिसरी, तिला दोन कार्डं दिली, एकावर 'मदत', एकावर '२ मिनिटं थांबू?'. कार्ड दाखवलं की ताबडतोब मिळणार. माझ्या एका सहकाऱ्यांनी विचारलं, "अहो मग ती दिवसभर कार्डच दाखवत बसेल की!" पहिल्या दिवशी बसली, ९ वेळा. पण पेन्सिल एकदाही फेकली नाही. मग आधी एक पट्टी पुरी कर आणि मग कार्ड, मग दोन पट्ट्या, असं हळूहळू वाढवत नेलं. आणि पेन्सिल फेकली तरी उदाहरण जात नाही, शांत झाली की तीच पट्टी समोर, मदत करून का होईना ती पुरी होणार. याच्यात प्रेमॅकचं तत्त्व कामाला येतं, १९५९ चं, जे मूल आपणहून भरपूर करतं ते जे कमी करतं त्याच्या मागे जोडायचं. तिला वर्गाचे डस्टर आणि खडू नीट लावून ठेवायला भयंकर आवडायचं, म्हणून दोन पट्ट्या आणि मग खडूचा डबा. विकतचं काही लागलं नाही.

अर्थात पट्ट्या करताना लक्षात आलं की तिला भागाकारच येत नव्हता. तीन महिने आम्ही त्याला वागणुकीचा प्रॉब्लेम म्हणत होतो.

आता बाकीच्या तक्रारी ज्या मला लोक सांगतात, जशा आठवतील तशा.

बक्षिसाची हवा जाते: जाणारच, एकच वस्तू रोज दिली तर कोणालाही कंटाळा येतो. मुलालाच विचारा काय हवंय, चारपाच पर्याय ठेवा, दर आठवड्याला बदला. टिक आणि बक्षीस यात फार अंतर पडलं तरी हवा जाते, लहान मुलाला शुक्रवार म्हणजे पुढचं वर्ष. त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात.

दिलेल्या टिका काढून घ्यायच्या का: चुकीला दंड म्हणून टोकन परत घेणं काही ठिकाणी चालतं, पण मी टाळते. खातं शून्यावर गेलं की मूल म्हणतं मरू दे, आणि कधीकधी टिका काढताना आपण जो वाद घालतो तेच त्याला हवं असलेलं लक्ष.

बोलायची वेळच आली तर: अगदी चालवून घेण्यासारखं नसेल तर जवळ जाऊन, फक्त त्याला ऐकू जाईल असं, एका वाक्यात. १९७० मध्ये ओ'लियरी आणि सहकाऱ्यांनी बघितलं होतं की सगळ्या वर्गाला ऐकू जाणाऱ्या रागावण्यापेक्षा अशा हळू रागावण्याने गोंधळ जास्त कमी झाला. घसाही वाचतो.

'हे लाच देणं नाही का': हा प्रश्न मला दर वर्षी येतो. लाच चुकीचं काम करायला देतात, आणि बहुधा आधी देतात. तरी यात एक खरी भीती आहे ती सांगते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्केचपेनने चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांच्यात असं झालं नाही. म्हणून जे मूल आनंदाने वाचतंय त्याला वाचनासाठी टिका देऊ नका, माझ्या एका सहकारी बाईंनी उत्साहात सगळ्या वर्गाला सगळ्यासाठी टिका सुरू केल्या आणि महिन्याने मुलं खाली पडलेला कागद उचलायचे किती विचारायला लागली.

बाकीची मुलं म्हणतात त्यालाच का: मी सरळ सांगते, ज्याला जे शिकायला अवघड जातं त्यासाठी त्याला मदत, तुला लागली की तुला. मुलं आपल्यापेक्षा लवकर समजून घेतात. वर्गाला मिळणारं बक्षीस ठेवलं की हा प्रश्न येतच नाही.

दुसऱ्या तासाला परत तसाच वागतो: वागेलच, त्या तासाला जुनाच भाव चालू आहे. कार्ड मुलाबरोबर फिरवा, प्रत्येक शिक्षकाने फक्त टिक करायची, लेक्चर नाही. एक सर म्हणाले मला वेळ नाही, मी म्हटलं सर, दिवसाला किती वेळा ओरडता तेवढा वेळ तरी द्या. आणि घरी कार्ड पाठवत असाल तर आधी आईवडिलांशी बोलून घ्या की कमी टिका आल्या म्हणून घरी मार मिळणार नाही. हे ठरत नसेल तर कार्ड शाळेतच राहू दे.

शेवटचं म्हणजे बंद कसं करायचं, कारण अर्ध्या केसेस इथेच परत पहिल्या जागी येतात. सुधारला म्हणून सोमवारी कार्ड बंद, आणि गुरुवारी १३. मूल बदललेलं नसतं हो, त्याच्या आजूबाजूचा भाव बदललेला असतो, आणि तुम्ही तो परत जुना केलात. मी २ मिनिटांचे ४ केले, मग ७, मग १०, प्रत्येक टप्प्यावर तीन दिवस आकडा खाली राहिला तरच पुढे. एखाद्या टप्प्यावर चढला तर एक पाऊल मागे, पहिल्यापासून नाही. टिका कमी होत गेल्या तरी शब्द चालू ठेवले. मग टिका त्यानेच करायच्या आणि मी तासाच्या शेवटी माझ्या मोजणीशी ताडून बघायचं, जुळल्या की एक जास्त. पहिल्या दिवशी त्याने स्वतःला सगळ्याच्या सगळ्या दिल्या, साहजिक आहे, तिसऱ्या दिवसापासून माझ्यापेक्षा कडक मोजायला लागला.

सगळं मिळून नऊ आठवडे गेले. मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी मी फळ्याकडे वळले आणि टक टक. माझा हात आपोआप मनगटाकडे गेला, रबरबँड घरी राहिले होते. त्या तासाला ६. विझलेलं वर्तन मोठ्या खंडानंतर एकदा डोकं वर काढतंच, ते माहीत होतं म्हणून घाबरले नाही, वळले पण नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड बेंचवर ठेवलं, ४ मिनिटांपासून. त्याने ते बघितलं, म्हणाला, "बाई, दहाचं लावा ना, चारचं लहान मुलांचं असतं." दहाचं लावलं.